ऐकायची पाळी

ट्रकच्या टपावरचा अँटेना ओलेटा मावशीच्याच घराकडे वळून थांबला, तेव्हा एल्डनने नाइलाजाने ट्रक तिच्या दारात उभा केला. वेस्ट व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात वायफाय नाही, मोबाइल नाही. आकाशातून येणारे क्षीण संदेश टिपणाऱ्या इथल्या रेडिओ दुर्बिणीला त्यांचा त्रास होतो. कुणी चोरून काही लावलंच, तर ते हुडकून बंद करणं ही एल्डनची नोकरी.

"पाहुणा म्हणून आलास की फौजदार म्हणून?" ओलेटा मावशीने दारातच विचारलं. हात पिठाने भरलेले.

"मावशी, काय लावलंयस घरात?"

तिने ओट्यावरचं यंत्र दाखवलं. तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या खोलीत ऐकू यावं म्हणून ठेवतात तसलं, बिनतारी. त्यातून आतल्या खोलीत झोपलेल्या हॉबर्टकाकांची घरघर ऐकू येत होती. मध्येच थांबायची, मग पुन्हा सुरू. कोळशाच्या खाणीने काकांची फुप्फुसं केव्हाच खाल्ली होती.

"ह्यांचा श्वास अडकतो रे. हलवलं की सुरू होतो. चूल, कोंबड्या, लाकडं, सगळं मीच बघते. सारखी उशाशी कशी बसू?"

एल्डनला तिच्याकडे बघवेना. "एक जुनं यान आहे गं, सूर्यमालेच्या पार गेलेलं. आज त्याची हाक आली नाही, तर ते मेलं असं धरून कायमचं ऐकणं थांबवणार आहेत. एवढीशी हाक. तुझ्या या यंत्रापुढे बुडून जाते."

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" मावशी म्हणाली. पण तिनेच हात पुसून वायर उपटली.

यंत्र बंद करायला आलेला एल्डन तिथेच घुटमळला. मग टोपी काढून म्हणाला, "तुझे पाव भाजून होऊ देत. मी बसतो काकांपाशी."

आतून तो थोड्या थोड्या वेळाने ओरडायचा, "चालू आहे!" मावशी भट्टीपाशी "हं" म्हणायची.

पाव फुगत आले होते, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. दुर्बिणीवरचा माणूस आनंदाने ओरडत होता, "एल्डनला सांगा, हाक आली! जिवंत आहे! ऐकताय ना?"

मावशीच्या ध्यानात आलं, आतून मघापासून "चालू आहे!" आलं नव्हतं. तिकडे टाळ्या वाजत होत्या. तिने रिसीव्हर छातीशी घट्ट दाबून धरला आणि आतल्या खोलीकडे कान लावून उभी राहिली.

"एल्डन?"