लाल दोऱ्याचा गुंता

बटणांचा डबा उलटा झाला आणि फटाकडीने जमिनीवर लोळण घेतली. वय वर्षं चार, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. कारण काय, तर शिंपीण आईने मशीनच्या चाकाला हात लावू दिला नाही.

शिंपिणीचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. संध्याकाळी कोट द्यायचा होता आणि एक बाही अजून लागायची होती. मागच्या आठवड्यात अशाच रागाच्या भरात तिने पोरीला एक ठेवून दिली होती. त्या इवल्या गालावर उमटलेली बोटं पाहून मग स्वतःच दार लावून रडली होती. पुन्हा हात उचलायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. आता तोच हात शिवशिवत होता.

तिला आपलं लहानपण आठवलं. हेच दुकान, हेच मशीन आणि असंच भोकाड पसरणारी ती. तेव्हा आई ओरडायची नाही. दोऱ्याचा भलामोठा गुंता तिच्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "आधी हा सोडव. मग दोघी मिळून रडू." ती नाक ओढत टोक शोधायची. एक गाठ सुटायची, मग दुसरी. दोरा मोकळा होईस्तोवर रडायचं कशासाठी, तेच विसरून जायची. त्या दुपारी तिला अजून हव्याहव्याशा वाटत.

तिने भराभर खण उघडले. रिळं सगळी शहाण्यासारखी गुंडाळलेली. गुंता औषधालाही नव्हता.

खिडकीपाशी तिची म्हातारी आई काजं करत बसली होती. तिच्या नीटनेटक्या हाताचे दाखले गिऱ्हाइकं अजून देत. अशा बाईकडे गुंते असायचेच कसे, हे लेकीला आज पहिल्यांदाच खटकलं.

"आई, तुझ्याकडे एवढे गुंते यायचे तरी कुठून गं?"

"मीच करायचे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम कसले? तुला मारायला हात उठायचा, तो रिळात घालायचे." म्हातारीने हातातलं कापड खाली ठेवलं आणि लाल दोऱ्याचं नवंकोरं रीळ लेकीच्या हातात दिलं. "घे. आधी तू कर, मग ती सोडवेल."