बिनखिळ्यांचा पाळणा

"पाळना हाय ना गं अजून?" दारात येऊन एलिझाबेथबाईनं विचारलं.

असणार नाही तर जातोय कुठं! दयानं आढ्याचा पाळणा उतरवला आणि पदरानं पुसायला घेतला. प्रभुदास मास्तरांच्या याच बायकोनं सुनेच्या बाळंतपणात तो दारातून माघारी धाडला होता. "नवऱ्यानं टाकलेली तू, कूस उजवली न्हाई. घरातलं पहिलंच लेकरू, तुझ्या हातचा पाळना कसा घिऊ?" असं चारचौघांत म्हणाली होती. झालं, तेव्हापासून राहुरीच्या ख्रिस्ती वस्तीत दयाला कुणी साधा पाट करायला सांगितला नाही. बाप शमुवेल मिस्त्री गेला, त्याचा रंधा, पटाशी, करवत सगळं होतं. कामच नव्हतं.

आणि आज ही बया आपल्या पायानं आली! दयाला आनंद मावेना. प्रभुदास मास्तरांच्या घरी पाळणा हलला की बाकीच्या झक मारत येतील. 'शमुवेलची टाकलेली' म्हणणारी तोंडं मिस्त्री म्हणतील. मिस्त्री! त्या एका शब्दासाठी ती झुरत होती. त्या नादात बाईचे सुजलेले डोळे तिला दिसलेच नाहीत.

"बगा बाई, एक खिळा न्हाई," ती भडाभडा बोलू लागली. "समदं खुंट्यांवर. बाजू भरीव ठिवल्यात, वारा लागायचा न्हाई. कडा काचंनं घासल्यात, बाळाला वरखडा म्हनून उठायचा न्हाई."

बाईनं आत वीत टाकून लांबी मोजली. पुन्हा एकदा मोजली.

"बसंल," ती म्हणाली.

"बसंल म्हंजे? पार रांगायला लागंस्तवर पुरंल!"

"वरच्या कड्या काढ. झाकन बसव."

दया हसलीच. "पाळन्याला कुटं झाकन असतंय व्हय?"

"पहाटं गेलं लेकरू. हगवनीनं." बाईचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "दुपारी पाद्रीसायेब येत्यात. दुष्काळात फळ्या कुटं हुडकू?"

पाळणा तिनं पोटाशी धरला.

"बाई, पाया पडते. ह्यो नको. मी निराळी पेटी करते. बापाची खाट मोडते, पर ह्यो नको."

"का? तयार हाय की." बाईनं पाळणा तिच्या हातातून ओढून जमिनीवर ठेवला. "आन् ह्या कामाला तुझ्या हाताचं काय आडत न्हाई."

बाई उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागं वळली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "झाकनाला बी खुंट्याच घाल. खिळं ठोकल्यालं सुनंला ऐकू जाईल."