पिपल्या, जिल्हा देवास

रणगाड्यांच्या रिसाल्यातील मेजर अंबरीश पवार सीमेवर कामी आला. त्याच्या जन्मगावच्या, म्हणजे देवास जिल्ह्यातील पिपल्याच्या, शाळेला त्याचे नाव द्यावयाचे ठरले. परंतु आदेशात जिल्हा चुकला आणि नाव धार जिल्ह्यातील पिपल्याच्या शाळेवर चढले.

“अहो, राहू द्या. तिथली पोरं रोज त्याच्या तसबिरीला हार घालतात,” अंबरीशची आई म्हणाली.

“मुलगा माझा, गाव माझं, नाव तिथं का?” असे म्हणत वडील, बापू, वर्षानुवर्षे भांडत राहिले.

अखेर शिक्षण कार्यालयातून फोन आला. “बधाई हो, बापू! धारवालं नाव पुसलं, तसबीरही उतरवली.”

“आणि आपल्या शाळेवर कधी लागणार?”



“ती तर या जूनपासून बंद करतायत, बापू. मुलंच कुठं उरलीत गावात?”