निळ्या छत्रीचा डाव

शिकागो शहराचं तापमान मोजणारं यंत्र विमानतळावर, रेनाटाच्या कुंपणापलीकडेच होतं. त्यामुळे उद्या पारा कुठवर चढणार, या ऑनलाइन पैजेत आपला हात धरणारं कुणी नाही, अशी तिची खात्री होती. तिला पुरून उरायचा तो एकच गडी. ‘निळी छत्री’ या नावाने खेळणारा. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो कधी हरला नव्हता, आणि चॅटवर कधी चकार शब्द बोलला नव्हता.

आज दुपारी अंगणात हॉटडॉग खाता खाता रेनाटा एकदम खिदळली.

“ओटिस, धावत ये! आणि ती केचपची बाटली तिकडेच ठेव, शिकागोत हॉटडॉगवर केचप म्हणजे पाप! छत्रीचं डोकं फिरलंय!”

शेजारचा ओटिस घास चावतच आला. उद्याच्या पैजेत पाऱ्याचे सहा कप्पे होते, प्रत्येकावर ‘हो’ किंवा ‘नाही’ लावायचं : सत्तर फॅरनहाइटच्या खाली, ऐंशीच्या वर आणि मधले चार. छत्रीने सहाच्या सहा कप्प्यांवर ‘नाही’ लावलं होतं.

“अगं, पण पारा कुठल्यातरी एका कप्प्यात पडणारच ना!”

“तेच तर! आज सापडला लेकाचा.”

दोघांनी होतं नव्हतं ते छत्रीच्या विरुद्ध लावलं, टाळी दिली, आणि उद्याच्या जेवणाचा बेतही ठरवून टाकला. रेनाटाने खुशीत चॅटवर लिहिलं, “छत्रीबुवा, उद्या हरल्यावर तोंड दाखवायला या हं!”

पहिल्यांदाच छत्रीचं उत्तर आलं.

“उद्या उजाडणारच नाही. पण तुम्हा सगळ्यांबरोबर फार मजा आली.”