पिंजऱ्यातलं रानमांजर

गोकर्णाबाईच्या मोकळ्या चरणाऱ्या सात गावरान कोंबड्या रानमांजरानं नेल्या. आठवीच्या आशेनं ते पिंजऱ्यात अडकलं, तेव्हा नत्थुजी काठी घेऊन धावले.

"मारू नका त्याले, मुका जीव हाय," बाईनं नवऱ्याचा हात धरला. "दूर नेऊन सोडू."

शेजारच्या बाया तिच्या दयेचं कौतुक करत राहिल्या. ती पिंजऱ्यावर पोतं टाकून ऑटोत बसली आणि धामणगावच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर उतरली. पिंजऱ्याचं दार उघडताना म्हणाली, "जाय बाबू, पोटभर खाय."

 

पोरगी झाली म्हणून तिच्या लेकीला घराबाहेर काढणाऱ्या व्याह्याच्या दीडशे कोंबड्या त्या शेतात मोकळ्या चरत होत्या.