ग्रिंपल आणि वेलमूर

शेवटी दोघांनी एकाच अर्जावर सही केली आणि एकाच बशीतली बिस्किटं खाल्ली. पण ते अजून झालेलं नाही. तुम्ही वाचलंही नाही. पुढे चला.

त्या सकाळी काका भलतेच खुशीत होते. चोर सापडला होता.

काका इंग्रजी-मराठी शब्दकोश काढायचे. खाली कचेरी, वर घर. दारावर पितळी पाटी, 'वेलमूर'. कचेरीत त्यांची पुतणी मुद्रितं तपासायची आणि काकांचे विनोद ऐकायची. पगार फक्त पहिल्या कामाचा होता.

रस्त्यापलीकडे कोशवाल्या बाईंची कचेरी. त्यांचाही इंग्रजी-मराठी कोश, काकांच्या कोशाइतकाच जाड, पण स्वस्त. त्यामुळे दुकानदार बाईंचा कोश पुढे मांडायचे आणि काकांचा वरच्या फळीवर, जिथे फक्त कोळ्यांचा हात पोचतो. छापखानेवाल्याने तर बजावलं होतं, की जुन्या प्रती खपल्या नाहीत तर काकांच्या कोशाची नवी आवृत्ती विसरा.

काकांनी बाईंचा कोश पुतणीपुढे आपटला. "वाच."

"ग्रिंपल," पुतणीने वाचलं. "नाम. शिंक येता येता परत गेल्यावर चेहऱ्यावर उरलेला भाव. उदाहरणार्थ, साहेब ग्रिंपल घेऊनच सभेत बसून राहिले." ती थांबली. "छान शब्द आहे."

"असणारच. मी बनवलाय."

"म्हणजे इंग्रजीत नाही?"

"इंग्रजीच्या बापानेही ऐकलेला नाही!"

मग काकांनी तिला धंद्यातली रीत सांगितली. कोशकार आपल्या कोशात एक शब्द मनाने रचून घुसवतो. तो सापळा. नक्कल करणारा बाकीच्या शब्दांबरोबर तोही उचलतो, आणि मानगूट हातात येते.

"सगळेच कोशकार घुसवतात?"

"सगळेच."

"आणि वाचणाऱ्यांचं काय?"

"एका शब्दाने कोणी मरत नाही. उलट शिंक परत गेली तर तिला नाव मिळतं. बाकी मी आयुष्यात एक शब्द चोरलेला नाही, लिहून ठेव."

पुतणीने लिहून ठेवलं नाही.

काकूंचा भाऊ वकील होता. घरचा असल्यामुळे फुकट होता आणि फुकट असल्यामुळे सापडत नव्हता, तरी त्याने दावा लिहून दिला होता. चोरी शाबीत झाली की बाईंचा कोश दुकानांतून उठणार आणि काकांचा तगणार. फक्त कोर्टात जाण्याआधी काकांना बाईंचा चेहरा बघायचा होता, म्हणून त्यांना चहाला बोलावलं होतं.

"अहो, आंघोळीला उठताय की आजही वेलमूर?" काकूंनी जिन्यातून विचारलं.

घरात हा शब्द मिठासारखा वापरला जायचा. जिथे बसलो तिथून उठूच नये असं वाटणं, बहुधा शेजारच्या माणसामुळे, म्हणजे वेलमूर. लग्नाआधी एकदा काका आणि काकू बसथांब्याच्या बाकावर बसले होते. बस आली नि गेली, कोणी उठेना. तेव्हा काका म्हणाले, "आपल्याला वेलमूर झालंय." काकूंना इंग्रजी बेताचं. त्यांनी घरी जाऊन कोशात अर्थ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. काकांचा स्वतःचा कोश तेव्हा निघायचा होता. निघाला तेव्हा त्यात हा शब्द सगळ्यात आधी घातला, असं काका अभिमानाने सांगत.

बाई आल्या. केस पांढरे, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. दारात थांबून त्यांनी पाटी वाचली, मग पदराने चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"बसा," काका म्हणाले. "ग्रिंपल कुठून आणलात?"

"तुमच्याकडून," बाई बसत म्हणाल्या. "फार आवडला हो. मला तर रोजच होतं ते."

काकांनी उलटतपासणीची तयारी केली होती. ती सगळी वाया गेली. "म्हणजे चोरी कबूल?"

"कबूल. दारावरच्या पाटीचा अर्थ काय?"

"वेलमूर? कोश काढता आणि एवढं माहीत नाही?" काका खुलले. "जिथे बसलो तिथून—"

"उठूच नये असं वाटणं," चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या.

"बहुधा शेजारच्या माणसामुळे," बाई म्हणाल्या. "उदाहरणार्थ, बस आली नि गेली, पण ती दोघं वेलमूरमुळे बाकावरच राहिली."

"बघ, बाईंना वाक्यासकट पाठ आहे!" काका पुतणीला म्हणाले.

"पाठ करावं लागलं नाही. तुमचा कोश निघायच्या आधी एका जुन्या कोशाच्या कचेरीत माझी नवी नोकरी होती. खिडकीतून बसथांबा दिसायचा, बाकावर रोज कुठलं तरी जोडपं. आमचे संपादक म्हणाले, यंदाचा सापळा तू लाव."

काकांच्या चेहऱ्यावर अस्सल ग्रिंपल उमटलं.

काकूंनी बिस्किटांची बशी दोघांच्या मधोमध ठेवली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी कोशात बघून हो म्हटलं होतं."

त्याच दुपारी वकील पहिल्यांदाच बोलावल्याबरोबर आला. त्याने दावा फाडला आणि नवा अर्ज लिहिला:

'माननीय न्यायालयास सादर. दोन्ही कोशकारांमधील वाद मिटला असून त्यांचे कोश यापुढे एकाच पुठ्ठ्यात निघतील. तरी वेलमूर हा शब्द अर्जदार क्रमांक एक यांच्या विवाहापूर्वीपासून इंग्रजी भाषेत अस्तित्वात होता असे मानण्यात यावे, व तसे इंग्रजी बोलणाऱ्या सर्व संबंधितांस कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.'