पक्की केलेली शेगडी

"आता हल म्हणावं!" नवऱ्याने शेगडीला वरून एक चापट मारली. शेगडी हलली नाही. तो समाधानाने दोन पावलं मागे सरकला. त्या जुन्या शिडाच्या बोटीतल्या स्वयंपाकघरात मागे सरकायला तेवढीच जागा होती.

शेगडीच्या वर, नव्या फळीवर, मायक्रोवेव्ह बसला होता. आजूबाजूच्या काळपट लाकडात तो म्हाताऱ्याच्या तोंडातल्या एकाच नव्या दातासारखा दिसत होता. नवरा तीन रविवार त्याच्यासाठी खपला होता आणि ते दर दहा मिनिटांनी सांगत होता.

ती बाळाला खांद्यावर घेऊन पायरीवर उभी होती. सकाळपासून तिने सगळं पाहिलं होतं. शेगडी मुळात दोन खिळ्यांवर टांगलेली होती, झोपाळ्यासारखी. बोट इकडे कलो नाहीतर तिकडे, शेगडी आपली आडवीच्या आडवी. पण मायक्रोवेव्हची फळी फार खाली बसवली गेली आणि झोका घेताना शेगडी तिला आपटायला लागली. तेव्हा नवऱ्याने शेगडीलाच दोन्हीकडून स्क्रू मारून भिंतीला जखडलं. भांडी अडवणारी पुढची पितळी दांडी आड येत होती, तीही उपटून काढली.

"बाबांनी बावीस वर्षं ही अशीच लटपटत ठेवली," तो वर तोंड करून मोठ्याने म्हणाला. "दोन स्क्रू मारायला काय हात झडले असते?"

सासरे वर डेकवर दोरखंड गुंडाळत बसले होते. ते गुंडाळतच राहिले.

"ती लटपटत नव्हती," ती म्हणाली. "हलायलाच केलेली आहे ती."

"अगं, शेगडी कधी हलायला करतात का?"

"बोटीवरची करतात."

"वाचलंस का कुठेतरी? बाळ शिंकलं तरी तीन डॉक्टर गाठतेस तू. तुझं ऐकायचं तर बोट रस्त्यावरून न्यावी लागेल."

डॉक्टरांचं खरं होतं. एकदा घाबरट म्हणून नाव पडलं की घराला आग लागल्याचंही पुराव्यानिशी सांगावं लागतं.

थोड्या वेळाने बोट निघणार होती. नऊ महिन्यांचं बाळ शेगडीसमोरच्या बाकावर बसणार होतं. नवऱ्याने गाडीतली बाळाची सीट तिथे पट्ट्यांनी आवळून ठेवली होती. शेगडीपासून हातभर अंतरावर. "आईला स्वयंपाक करता करता बाळ दिसायला हवं ना," असं वर प्रेमाने म्हणालाही होता.

ती खाली उतरली. एका हाताने पातेलं घेतलं, त्यात गार पाणी भरलं आणि न पेटवलेल्या शेगडीवर ठेवलं.

"चहा?" तो खुलला. "मायक्रोवेव्हमध्ये ठेव की. उद्घाटन होऊन जाऊ दे!"

"असू दे इथेच."

ती बाळाला घेऊन पुन्हा पायरीवर जाऊन उभी राहिली आणि वाट पाहू लागली. धक्क्यावरून दर अर्ध्या तासाला प्रवासी लाँच सुटत होती. नवऱ्याच्या ते गावीही नव्हतं. तो मायक्रोवेव्हची बटणं एकेक दाबून, प्रत्येक आवाजाला मान डोलावत होता.

लाँच सुटली. आधी तिचा भोंगा, मग घरघर, मग लाटा. बांधलेली बोट एका अंगावर गेली, सावरली, दुसऱ्या अंगावर गेली. पातेलं शेगडीवरून सुळकन घसरलं आणि बाकावर आपटलं. सगळं पाणी बाळाच्या सीटमध्ये. पट्ट्यांवरून ते खाली ठिबकत राहिलं.

नवऱ्याने पाहिलं. आधी सीटकडे, मग फळीकडे.

"मायक्रोवेव्हला काही झालं नाही," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि गारच तर होतं पाणी! एवढं काय तोंड करायचं? पातेल्यालाही काहीतरी पकड करू. दोन स्क्रू..."

"हो. आणि उरले तर समुद्रालाही मार दोन."

ती वळली, पायऱ्या चढली, आणि बाळाला छातीशी धरून बोटीवरून धक्क्यावर उतरली. मागून त्याचा आवाज आला, "अगं, वारा काय सुरेख आहे! दिवस फुकट घालवशील!" आणि लगेच पुन्हा बटणांची पिंकपिंक सुरू झाली.

थोड्या वेळाने सासरे उतरले. तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. घसा खाकरला.

"मला वाटलंच होतं असं होणार म्हणून," ते हळू आवाजात म्हणाले. "शेगडी बांधली की सांडणारच. माझा स्वतःचा पाय भाजलाय एकदा. तेव्हापासून तर ती टांगती करून घेतली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"हौसेने करत होता गं. तीन रविवार खपला. म्हटलं, कशाला हिरमोड करायचा पोराचा."

बाळ आजोबांकडे बघून हसलं. सासऱ्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

तिने बाळाला या खांद्यावरून उचललं आणि पलीकडच्या खांद्यावर घेतलं.